कृपया अंगठा पुन्हा ठेवा

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. शेतातून चालून आलं की पँटच्या कडेला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते आपोआप घरापर्यंत येतात. संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि एकेक काढायचं. बायको म्हणते, "लिहून ठेवा, नाहीतर कोणी खरं मानणार नाही." मी म्हणतो, लिहिलं तरी कोण मानणार आहे!

धंदा कोणता ते आधी सांगतो. शहाद्याला बसस्टँडच्या मागे आमचं दुकान आहे. अंगठ्याची मशिनं विकायची, भिंतीवर ठोकायची, बिघडली की दुरुस्त करायची. मालक पारसशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून कापडाची गाठोडी घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. कामाला आम्ही दोघं. एक मी, राजू, राहणार लोणखेडा. दुसरे भटूभाऊ. पन्नाशीचे आहेत, आधी शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचे. बोलतात कमी, आणि बोलले तर अहिराणीतच. समोर कलेक्टर असला तरी!

पूर्वी माणसाचा अंगठा दोनच ठिकाणी लागायचा. एक तर जमीन विकताना, नाहीतर पोलिसांनी धरल्यावर. दोन्ही वेळा माणूस रडकुंडीला आलेला असायचा. आता रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, खताला अंगठा, पेन्शनला, कॉलेजात, जिममध्ये! परवा तर एक मंगल कार्यालयवाला दुकानात आला. म्हणाला, "पंगतीच्या दाराला एक मशिन बसवता येईल का? बिनबोलावलेले फार घुसतात." पारसशेठनी कोटेशन लिहायला पेनसुद्धा काढलं.

भटूभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "शेठ, आन् नवरदेवनाच आंगठा नही लागना तं?"

*

शहाद्याजवळच्या एका कॉलेजात आम्ही हजेरीचं मशिन बसवायला गेलो होतो. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यासाठी कार्यक्रमच ठेवला. हार, नारळ, पेढे! मशिनला कुंकू लावलं, ते नेमकं काचेवर. भटूभाऊंनी रुमालानं पुसलं तर अध्यक्षांना राग आला.

अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आजपासून या संस्थेत तोंड बोलणार नाही. फक्त अंगठा बोलेल!"

सगळे प्राध्यापक रांगेत उभे राहिले. मी एकेकाचा अंगठा घेत होतो. रांगेत मराठीच्या एक मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, आमचे अंगठे साठवणार कुठं? ते कोण बघणार? नोकरी सोडली की पुसणार का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पारसशेठकडे पाहिलं. पारसशेठ पेढा खात होते.

मग अध्यक्ष हसले. "मॅडम, ज्याच्या मनात चोर नाही, त्याला भीती कसली?"

सगळे हसले. मॅडमनी अंगठा लावला. रांग पुढे सरकली. शेवटी प्राचार्यांनी यादी पाहिली आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, आपल्या चिरंजीवांचा राहिला. बोलावून घेऊ?" चिरंजीव तिथंच खेळाचे शिक्षक होते. म्हणजे पगारपत्रकावर होते. मैदानावर त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "त्याचा कशाला? तो घरचाच आहे!"

मॅडम मागून म्हणाल्या, "बरोबर आहे. मनात चोर असतो तो बाहेरच्यांच्याच!"

अध्यक्ष गाडीत बसून निघून गेले. आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, बिलाचं काहीतरी असेल. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राजू, हे मशिन सोमवारी-सोमवारी घरी नेता येतं का रे?"

*

ब्राह्मणपुरीला एक मोठे बागायतदार आहेत. केळी, पपई, ऊस, सगळं आहे. गावात त्यांना दादासाहेब म्हणतात. त्यांनी बंगल्याच्या मुख्य दाराला अंगठ्याचं कुलूप बसवून घेतलं. कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं, सगळं दादासाहेबांच्या मोबाईलवर. बसवून महिना झाला आणि त्यांचा फोन आला. "राजू, ये जरा. रिपोर्ट कसा काढायचा ते दाखव."

गेलो. दादासाहेब झोपाळ्यावर. शेजारी खुर्चीवर त्यांच्या बायको. सून सोनल पाणी घेऊन आली. बी.एड. झालेली मुलगी. दादासाहेबांनी तिला तिथंच उभं केलं.

"वाच राजू. हिचं वाच. आम्ही जेवून पडलो की ही रोज दार उघडून कुठं जाते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुलूपवाला माणूस. कुणाच्या सुनेची हजेरी वाचायला मी कोण? पण मोबाईल हातात दिला होता. वाचलं. सोनल दुपारी बाहेर जायची आणि चहाच्या आत परत यायची. रोज.

"सांग आता," दादासाहेब म्हणाले.

सोनल म्हणाली, "पप्पा, गावातल्या अभ्यासिकेत जाते. परीक्षा द्यायची आहे. विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. घरात पुस्तक उघडलं की कुणी ना कुणी हाक मारतं."

"चोरून जातेस म्हणजे!"

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग मला म्हणाली, "भाऊ, याच्यात सगळ्यांचाच रिपोर्ट निघतो का?"

"निघतो ताई."

"मग सगळ्यांचाच वाचा ना. मम्मी पण ऐकतील."

मम्मी म्हणजे सासूबाई. त्या म्हणाल्या, "वाच ना भाऊ." आता मी काय करणार? खाली सरकवलं. सोनल बाहेर गेली की थोड्याच वेळात आणखी एक अंगठा बाहेर पडायचा. तिच्या आधी परत यायचा. रोज. वर नाव होतं, दादासाहेब.

सासूबाई ताठ बसल्या. "तुम्ही तर झोपलेले असता!"

"फिरायला जातो जरा. डॉक्टरनी सांगितलंय."

"भर उन्हात? आणि फिरता तर शुगर का उतरत नाही? त्या चौकातल्या जिलेबीवाल्याला फोन लावू का?"

दादासाहेबांनी झोपाळा थांबवला. मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "हे मशिन चुकीचं दाखवतं. काढून टाक!"

सोनलनं पाण्याचा तांब्या उचलला. जाता जाता म्हणाली, "आत्तापर्यंत तर बरोबर दाखवत होतं!"

कुलूप मी त्याच दिवशी काढलं. आता त्या दाराला साधी कडी आहे. सोनल दुपारी अभ्यासिकेत जाते, सांगून जाते. जिलेबीचं काय झालं, माहीत नाही. आता त्याचा रिपोर्ट निघत नाही!

*

तुम्ही म्हणाल, आमच्या दुकानात किती मशिनं असतील! एकही नाही. गल्ल्याला पितळी कुलूप, दाराला लोखंडी कुलूप. दोन्ही किल्ल्या पारसशेठच्या कमरेला. एकदा मी विचारलं, "शेठ, डेमो म्हणून तरी तुमचा अंगठा घेऊ का?"

पारसशेठनी हात खिशात घातला. म्हणाले, "राजू, मिठाईवाला मिठाई खातो का?"

*

नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे. थंडीच्या दिवसांत गावाबाहेर नुसता लाल गालिचा पसरलेला असतो. त्या मिरचीचे देठ खुडायला बायका बसतात, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्यांच्या हाताकडे कधी बघितलंय? बोटांची कातडी सोलून निघालेली असते. त्यावर रेषा कुठून शोधायच्या!

तिथं रेशनकार्डाच्या अंगठ्यांचं शिबिर लागलं. अंगठा जुळला नाही तर नाव उडणार, धान्य बंद. मशिनं आमची, म्हणून मी आणि भटूभाऊ हजर. वर देखरेखीला एक साहेब. त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळा पंखा.

बायका थेट कामावरून उठून आल्या होत्या. एकेक जण अंगठा ठेवायची आणि मशिन म्हणायचं, "कृपया अंगठा पुन्हा ठेवा." पुसून ठेवला, "पुन्हा ठेवा." पाण्यानं धुतला, "पुन्हा ठेवा." रेखाबाई नावाच्या एक जण सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी दहाही बोटं लावून पाहिली. एकही लागेना.

मी साहेबांना म्हटलं, "सर, नियमात डोळ्याचं मशिन चालतं. अंगठ्याऐवजी डोळ्यावरून ओळख पटवून होतं काम."

"ते जीपमध्ये आहे. खोक्यात. कोण काढणार? आणि गरज काय?" साहेब उठले. "यांना अंगठा नीट ठेवताच येत नाही! शिकवा त्यांना."

रेखाबाई म्हणाल्या, "सायब, रोज मिरच्या खुडतस आमी. आंगठा ऱ्हायनाच कोठे?"

"अहो बाई, काम सगळेच करतात. मी पण करतो. माझा बघा कसा लागतो!"

साहेबांनी बाही वर केली आणि सगळ्या बायकांचे अंगठे ज्या काचेवर घासले होते, त्याच काचेवर आपला अंगठा दाबला. हिरवा दिवा! साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. "दिसलं? असा ठेवायचा असतो!"

मग त्यांना घाम आला. त्याच हातानं त्यांनी कपाळ पुसलं. आणि मग डोळा.

पुढचं काय सांगू! साहेब जागच्या जागी नाचायला लागले. एक डोळा चोळला, मग त्याच हातानं दुसरा. रेखाबाईच धावल्या. पिंपातलं पाणी ओतलं, साहेबांचा हात धरून ठेवला. "चोळू नका सायब, आजून चढी!"

जरा वेळानं साहेब खुर्चीत टेकले. दोन्ही डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. तसेच म्हणाले, "ते खोकं काढा जीपमधून."

डोळ्याचं मशिन आलं. सुरू करायचं तर आधी साहेबांची ओळख पटवावी लागते. म्हणजे त्यांचाच डोळा. भटूभाऊंनी मशिन त्यांच्या तोंडासमोर धरलं. डोळा उघडेना. मशिन म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." भटूभाऊंनी बोटांनी पापणी वर करून बघितली. पुन्हा तेच.

रेखाबाईंनी मागे वळून सगळ्या बायकांना सांगितलं, "सायबले डोया नीट ठेवताच येत नही वं! शिकाडा तेले!"

*

शहाद्यात एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली. मागचा पत्रा उचकटून चोर आत शिरला. कॉम्प्युटर नेला, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा डबा नेला आणि भिंतीवरचं अंगठ्याचं मशिनही खिळ्यांसकट उपटून नेलं. सकाळी मालकांनी मला बोलावलं. त्यांना आम्ही किशोरशेठ म्हणतो. दुकानातल्या मुली बाहेर उभ्या होत्या.

किशोरशेठनी पंचनाम्यात मशिन लिहून घेतलं. मशिनच्या आत काय होतं ते लिहिलं नाही. विचारलंच नाही कुणी.

मनीषा नावाची मुलगी साड्यांच्या काउंटरला असते. ती म्हणाली, "शेठजी, त्यात आमचे अंगठे होते."

किशोरशेठ म्हणाले, "अंगठे तर तुमच्या हाताला आहेत! बघ, आहेत ना?"

"तसं नाही शेठजी. बँकेत हाच लागतो, रेशनला हाच, आधारला हाच. चोरानं काही केलं तर?"

"अगं, त्याला काय करायचंय तुझ्या अंगठ्याचं? नवीन मशिन घेतो. परत देऊन टाका सगळ्यांनी!"

मी मध्ये पडलो. मशिनमध्ये अंगठ्याचा फोटो नसतो, त्याचं गणित करून ठेवलेलं असतं, असं कंपनीवाले आम्हाला सांगतात, ते मी सांगितलं. मनीषानं विचारलं, "तुम्ही बघितलंय का ते गणित?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं बघितलं.

तेवढ्यात किशोरशेठना काहीतरी आठवलं आणि तोंडाचा रंगच उडाला. "राजू! कॉम्प्युटरमध्ये माझ्या मेलचा पासवर्ड होता! बँकेचा पण! आधी तो बदल, बाकी सगळं नंतर!"

मी तिथंच पायरीवर बसलो आणि त्यांच्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलून दिले. किशोरशेठनी सुटकेचा श्वास सोडला. चहा मागवला.

मनीषा सगळं बघत उभी होती. शेठ आत गेले तशी माझ्यासमोर आली आणि उजव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"भाऊ, माझा पण बदलून द्या ना."

*

हा पुढचा किस्सा मी ओट्यावर सांगतो तेव्हा भटूभाऊ उठून जातात. त्यांना तो आवडत नाही. मलाही नाही.

खांडबाऱ्याला बाजाराचा दिवस होता. आम्ही तिथल्या एका रेशन दुकानाचं मशिन दुरुस्त करायला गेलो होतो. लोक पिशव्या घेऊन बसलेले. दुपारच्या गाडीनं दोन पोलीस उतरले. दुसऱ्या राज्याचे. घामानं ओले झालेले, हातात एक कागद. गावचे पोलीस पाटील त्यांना घेऊन दुकानात आले.

त्यातला मोठा हवालदार म्हणाला, "रमकीबाई कौन है? फरार है. उसका पता चाहिए."

दुकानदार म्हणाला, "फरार? ती काय, लाइनीत बसलीय!"

रमकीबाई उठून उभ्या राहिल्या. साठीच्या, बारीक, हातात रिकामी पिशवी. मावची ही तिकडची आदिवासी बोली बोलणाऱ्या. हिंदी नाही, मराठी जेमतेम. हवालदारानं कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग परत कागदाकडे.

"आप? आपके नाम पे इतने सिम कार्ड हैं! उन नंबरों से बैंक का अफसर बनके लोगों को लूटा गया है!"

पोलीस पाटलांनी मावचीत सांगितलं. रमकीबाईंनी विचारलं, "सिम म्हणजे काय?"

मग हळूहळू सगळं निघालं. मागे बाजारात एक जण छत्री लावून बसायचा. सिम घ्या, बादली फुकट! रमकीबाईंना सिमशी देणंघेणं नव्हतं, पण बादली हवी होती. त्यांनी अंगठा लावला. तो म्हणाला, "नाही लागला मावशी, परत लावा." परत लावला. "परत." परत लावला. ऊन होतं, गर्दी होती, त्या लावत राहिल्या. दर वेळी एक नवं सिम निघत होतं, त्यांच्या नावावर. बादली घेऊन त्या घरी आल्या. छत्रीवाला पुढच्या बाजाराला दिसला नाही. कधीच दिसला नाही.

तरी त्यांना चौकीत नेलं. मी आणि भटूभाऊ सोबत गेलो, कारण अंगठ्याचं काम कसं चालतं ते त्या दोघांना कुणीतरी समजावायला हवं होतं. मी समजावलं. एकदा लावलेला अंगठा मशिननं घेतला की "नाही लागला" असं तोंडानं सांगता येतं, आणि समोरच्याला कळायला मार्गच नसतो. हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याला पटलं. पण दुपार उतरली तरी रमकीबाई तिथं बाकावर बसून होत्या. पाणी दिलं तर घेतलं नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. घरी कोंबड्या बाहेर आहेत, एवढंच एकदा पाटलांना म्हणाल्या.

शेवटी जबाब लिहून झाला. हवालदारानं शाईचं पॅड पुढे केलं. "बस, यहाँ अंगूठा लगा दो, और जाओ."

रमकीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"लगाओ ना अम्मा! इसी से छूट जाओगी!"

त्या मान हलवत राहिल्या. पाटलांनी समजावलं, दुसऱ्या पोलिसानं आवाज चढवला. हात बाहेर येईनात. मग त्या पाटलांना मावचीत काहीतरी सलग बोलल्या. पाटील थांबले, मग हवालदाराला म्हणाले, "साब, वो बोल रही है, पहले लिखो. कितनी बार लगाया, वो कागद पे लिखो. एक ही बार."

हवालदार वैतागला. "ऐसा कोई कॉलम नहीं है!"

रमकीबाई बाकावर परत बसल्या.

मग हवालदारानं पेन उचललं आणि जबाबाच्या खाली लिहिलं, अंगूठा एक बार लिया गया. पाटलांनी ते मोठ्यानं वाचलं, मावचीतही सांगितलं. तेव्हा पदरातून हात बाहेर आला. अंगठा टेकवला. एकदा. आणि लगेच परत आत.

आम्ही त्यांना रेशन दुकानात परत आणलं. दुकानदार थांबला होता, तेवढं खरं. रमकीबाईंनी मशिनवर अंगठा ठेवला. शाई लागलेला. घासून घासून सगळीकडे पसरलेली.

"कृपया अंगठा पुन्हा ठेवा," मशिन म्हणालं.

त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी त्या छत्रीवाल्याच्याच रांगेतला एक होतो, एवढंच होतं. रिकामी पिशवी घडी करून त्यांनी काखेत धरली आणि स्टेशनच्या बाजूनं घरी निघाल्या.

परत येताना शहादा आलं तेव्हा भटूभाऊ म्हणाले, "राजू, आपले दुसरा धंदा देखना पडी."

देखला आम्ही. अजून देखतोच आहोत!

*

असो. तोंड कडू झालं असेल तर शेवटचा ऐका.

सातपुड्यात वर, घाट चढून गेलं की एक निवासी शाळा आहे. नाव घेत नाही. तिथून तक्रार आली, "हजेरीचं मशिन मुकं झालंय. अंगठा घेतं, पण धन्यवाद म्हणत नाही." बऱ्याच महिन्यांची तक्रार होती. एवढ्या वर जायला कुणाला वेळ असतो? शेवटी मी एकटाच निघालो.

पोचलो तर शाळेत चिडीचूप. फाटकावर फळा, भावपूर्ण श्रद्धांजली. शिपाई म्हणाला, "आमचे बोरसे सर वारले. शहाद्याला घरीच अटॅक आला. परवा दहावं झालं, सुट्टी संपून शाळा आजच उघडली. आज शोकसभा आहे. तुम्ही व्हरांड्यात तुमचं काम करा, फक्त आवाज करू नका."

मशिन हॉलच्या दाराबाहेरच भिंतीवर होतं. मी स्टुलावर उभा राहून ते उघडलं. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. टेबलावर बोरसे सरांचा फोटो, मोठा हार, उदबत्ती. मुलं रांगेत खाली बसलेली. शिक्षक खुर्च्यांवर.

एक सर बोलत होते, "बोरसे सरांनी या डोंगराळ भागात अखंड सेवा दिली. एक रजा नाही, एक खाडा नाही!"

दुसरे सर म्हणाले, "पाऊस असो, दरड पडो, सरांची हजेरी चुकली नाही!"

पहिल्या रांगेत बसलेल्या एका छोट्या मुलीनं फोटोकडे निरखून पाहिलं आणि शेजारच्या मोठ्या मुलीला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. मोठीनं खांदे उडवले. शिपाई माझ्या बाजूलाच उभा होता. मी विचारलं, "काय म्हणते ती?"

शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला, "विचारते, हे सर कोणते?"

मशिनच्या स्पीकरची एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. सोल्डरिंगचा डाग देऊन ती जोडली, आवाज मोठा करून ठेवला आणि झाकण लावलं. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. महाजन सर बाहेर आले. आत सगळ्यांत जास्त रडत होते ते हेच. रुमालानं डोळे पुसत ते मशिनजवळ आले. शाळा सुटायची वेळ झाली होती, हजेरी लावायची होती. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

त्यांनी आपला अंगठा ठेवला.

"धन्यवाद!" मशिन खणखणीत बोललं. सर दचकले. इतक्या महिन्यांत ते बोललं नव्हतं ना!

मग एक हुंदका आवरत त्यांनी खिशात हात घातला. चुन्याची डबी काढली. डबीतून वाळलेल्या गोंदाची एक पातळ कातडी काढली, तिच्यावर बारीक रेषा होत्या. रोजच्या सवयीनं, न बघता, ती आपल्या अंगठ्यावर गुंडाळली आणि काचेवर ठेवली.

"धन्यवाद!"

पडद्यावर नाव आलं. बोरसे सर. हजर.

महाजन सर पडद्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. शिपाई छताकडे. आणि आतून मुख्याध्यापकांचा भरून आलेला आवाज आला, "बोरसे सर आज आपल्यात नाहीत, यावर अजून विश्वासच बसत नाही!"